पाहुण्यांची भाषा

वाशिम
१९ जून २०२५

धरमसिंगभाऊ,

नमस्कार. पत्र फोडतानाच तुम्ही म्हणाल, बाईंना काम पडल्याशिवाय आठवण होत नाही. खरं आहे. तुमच्या तांड्याच्या शाळेत नऊ वर्षं काढून मी इथे वाशिमला शिक्षण विभागाच्या ऑफिसात आले, तेव्हा मुलांना बजावलं होतं की फोन नको, पत्र लिहा, म्हणजे हात वळेल. मुलांनी एकेक पत्र लिहिलं आणि विसरली. पालकांमधून तुम्ही एकटे चिकाटीचे निघालात.

काम असं आहे. पहिलीपासून हिंदी आणायचा आदेश सरकारने परवा पुन्हा काढलाय. शब्द फिरवलेत, आत तेच. सहा वर्षांच्या लेकराने आधी आपली अक्षरं गिरवायची की अनोळखी भाषेशी झटायचं? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. येत्या गुरुवारी मंगरूळपीरला पालकांचा मोर्चा आहे. मी नोकरीतली, पुढे दिसता येणार नाही, पण माणसं जमवायचं माझ्याकडे आलंय. तांडा आला तर मोर्चाला वजन येईल. घोषणा एकच ठेवली आहे: लेकराला आधी त्याची मायबोली.

माझी गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. बाबांच्या मळ्यातून उठून मी पुण्याकडे डीएडला गेले आणि पहिल्याच दिवशी वर्गात म्हणाले, "सर, मले मांगून दिसून नाही राह्यलं." अख्खा वर्ग हसला. पुढे कितीतरी महिने मी तोंड उघडलं नाही. घरची भाषा काढून घेतली की माणूस कसा मुका होतो, हे मला कुणी शिकवायला नको. राग येतो तो म्हणून.

तुमच्या याडीला, म्हणजे आता माझ्याही आईलाच, माझा नमस्कार सांगा. बाबांनी या वर्षीही वांगी लावलीत.

तुमची
उज्ज्वला


रूपला तांडा, आसेगावजवळ
२२ जून २०२५

बाई,

तांड्याचा रामराम. याडीला तुमचा नमस्कार सांगितला. ती म्हणाली, नमस्कार पोचला, वांगी कधी पोचणार?

मोर्चाला आम्ही येतो. तांड्याचे प्रमुख रामसिंग नाईक, त्यांच्याशी बोललो. दोन टेम्पो भरतील. बाया आरसे लावलेल्या घागरा-चोळ्या, आपल्या फेट्या-कांचळी, घालून येतो म्हणतात, म्हणजे फोटो काढणारे तुमचे पुढारी सोडून आमच्याच मागे लागतील, त्याची तयारी ठेवा.

पण एक विचारतो, रागावू नका. त्या घोषणेत आमची मायबोली धरली आहे का? आम्ही घरात गोरमाटी बोलतो. जनगणनेला आलेले गुरुजी विचारतात, घरची भाषा कोणती, आम्ही बंजारा सांगतो, ते लिहून घेतात. पुढे ती नोंद वर गेली की हिंदीत मिळवतात. म्हणजे दिल्लीच्या हिशेबाने माझी याडी हिंदी बोलते. शाळेच्या हिशेबाने ती मराठी बोलते. आणि ती बोलते ते कोणाच्याच हिशेबात नाही.

माझ्या पवनचं तुम्ही तांड्यावर येण्याआधी काय झालं ते तुम्हाला ऐकून माहीत आहे. पहिलीची दोन वर्षं तो पोरगा वर्गात गप्प बसला. गुरुजी काय म्हणतात ते त्याला कळत नव्हतं आणि कळत नाही हे सांगायलाही मराठीच लागत होतं. गुरुजींनी ठरवलं, पोरगं मंद आहे. पाचवीत त्याने शाळा सोडली. आज तो जेसीबी चालवतो आणि मशीनचा आवाज ऐकून कुठला भाग बिघडला ते सांगतो.

उद्या आमची धाकटी अंजू पहिलीत बसते आहे. हिंदी नको हे बरोबरच. पण तिला पहिल्या वर्षी गोरमाटीत समजावणारं एक माणूस वर्गात मिळालं, तर मी जन्मभर तुमच्या मोर्चात चालेन. एवढंच माझं मागणं आहे, दुसरं काही नाही.

धरमसिंग


वाशिम
२ जुलै २०२५

धरमसिंगभाऊ,

जिंकलो. दोन्ही आदेश मागे घेतले. बातमी ऐकली तेव्हा ऑफिसात कुणी उघड बोललं नाही, पण चहाबरोबर पेढे कुठून आले ते कुणीच विचारलं नाही. मोर्चाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. सगळ्यात पुढे तुमची याडी, हाताने डोळ्यांवर सावली धरलेली. खाली लिहिलंय, 'मराठीसाठी रस्त्यावर उतरलेली माय'. मी तो कापून कपाटाला आतून चिकटवलाय.

आता तुमच्या मागण्याचं. मी विसरले नाही. आपल्या जिल्ह्यापुरता एक प्रयोग सुरू होतोय. पहिलीच्या ज्या वर्गात मुलांना मराठी समजत नाही, तिथे त्यांच्याच वस्तीतलं एक शिकलेलं माणूस वर्षभर मायबोली सहायक म्हणून बसणार. आधी शाळांची पाहणी होईल, आणि पाहणीच्या पथकात मी आहे. साहेबांनी मुद्दाम घेतलं, म्हणाले, तांड्यावर राहिलेली बाई दुसरी कोण आहे आपल्याकडे?

तेव्हा शब्द देते. अंजूच्या वर्गात गोरमाटी बोलणारं माणूस बसेल. तुमची भावजय सकरी डीएड होऊन घरी बसली आहे, तिला तयार राहायला सांगा.

उज्ज्वला


रूपला तांडा
२१ जुलै २०२५

बाई,

तुमचं पत्र नाईकांच्या ओट्यावर मोठ्याने वाचलं. सकरी पदर तोंडाला लावून हसत होती. ती तेव्हापासून अंजूला आणि तिच्या मैत्रिणींना जमवून बसवते. एकच गोष्ट आधी आपल्या भाषेत सांगते, मग मराठीत. अंजू घरी येऊन ती मला दोन्हीत सांगते. दोन्हीत वाघ शेवटी मरतो, पण आपल्या भाषेत जरा जास्त वेळ मरतो.

एक काळजी आहे. तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लिहून ठेवतो. आमच्यात पाहुण्यासमोर त्याला न समजणारं बोलत नाहीत. बैलांवर मीठ-धान्य लादून आमचे लोक मुलूखभर हिंडत, तेव्हापासूनचं हे आहे. ज्याच्या गावाशेजारी तळ पडला, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. त्याच्यादेखत आपसात गोरमाटी बोललं की त्याला वाटायचं, हे चोरीचा बेत करताहेत. आजही बाहेरचं माणूस तांड्यात शिरलं की दोन वर्षांचं पोरसुद्धा मराठीकडे वळतं. येतं तेवढं बोलतं, नाही येत तिथे हसतं.

तुम्ही आल्या तेव्हा तुमच्यासमोरही आम्ही हेच केलं. तुम्ही मला म्हणालात, "धरमसिंगभाऊ, तुमच्या पोरायले तं मस्त मराठी येते, मंग वर्गात काहून बोलत नाहीत?" आणि तिसऱ्या वर्षी तुमच्या देखत याडीने मला गोरमाटीत झोडपून काढलं, तेव्हा तुम्ही खूश झालात. तुम्ही ओळखलं की आता तुम्ही पाहुण्या राहिल्या नाहीत.

साहेब येतील ते पाहुणे म्हणून येतील. मुलं त्यांच्यासमोर मराठीच बोलतील. मी पोरांना सांगायला गेलो की बाबांनो, साहेबांसमोर आपलंच बोला, तर नाईक रागावले. म्हणाले, दारात आलेल्या माणसाचा अपमान करायला शिकवतोस? म्हणून सांगतो, पाहणीत जे दिसेल ते खरं नसेल. हे जाणणारं तुमच्याशिवाय त्या गाडीत कोणी नसणार.

धरमसिंग


वाशिम
६ ऑगस्ट २०२५

धरमसिंगभाऊ,

घाईत लिहिते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही येऊ. पाहुणचाराची चिंता करू नका, मुलांना जसं वागायचं तसं वागू द्या, नाईकांचं मन मोडू नका. साहेबांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. नऊ वर्षं तांड्याचं मीठ खाल्लंय.

उज्ज्वला


रूपला तांडा
१२ सप्टेंबर २०२५

बाई,

परवा पाहणी आटोपून तुम्ही सगळ्यांच्या घाईत गेलात, धड बोलणं झालं नाही. तुम्ही सारख्या साहेबांच्या बाजूला होतात आणि ते योग्यच होतं. तुमच्यासाठी याडीने वेगळी काढून ठेवलेली बाटी तशीच राहिली. शेवटी भाकरीचा तो तुकडा मीच खाल्ला.

तांडा अजून त्याच गोष्टी करतोय. नाईकांनी नवा पटका बांधला होता. पोरांना बायांनी पहाटेपासून घासून काढलं. साहेबांनी विचारलं, नाव काय, गाव कोणतं, झाडावर काय बसलंय, सगळ्याची उत्तरं पटापट आली. तिघी-चौघींनी कविता म्हटली. साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा पडायला आला.

अंजूचं तुम्ही पाहिलंच. साहेबांनी विचारलं, "बाळा, तुझं नाव काय?" ती म्हणाली, "माझं नाव अंजू." "काय खाल्लंस?" "भाकर." साहेबांनी मग विचारलं, "शाळेत तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" तिने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "माझं नाव अंजू." सगळे हसले. साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तुम्ही तेव्हा खाली पाहत होतात. मला वाटलं, तुम्ही मनात टिपून घेताय.

आमचे आत्ताचे शिक्षक संघदीप सर भले माणूस. त्यांना गोरमाटी येत नाही, पण ते लपवत नाहीत. ते पुढे होऊन बोलले, "साहेब, हे पोट्टे पाठ करून बोलून राह्यले. धडा समजावतो तवा समदे माह्या तोंडाकडे पाह्यतात." साहेब म्हणाले, "सर, मुलांचं कौतुक करायला शिका." सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना नंतर म्हटलं, काळजी करू नका, बाई आहेत.

साहेबांनी जाताना नाईकांचा हात हातात घेतला. एवढा आदर आमच्या दाराशी कोणी दिला नव्हता. सकरीचं कधीपासून, ते कळवा.

धरमसिंग


वाशिम
२५ सप्टेंबर २०२५

धरमसिंगभाऊ,

पत्र मिळालं. बाबांना ताप होता, म्हणून उत्तराला उशीर. आता बरे आहेत, मळ्यात जायचा हट्ट धरतात, आई ओरडते.

पाहणीचं काम अजून चालू आहे. मालेगावकडच्या शाळा राहिल्या आहेत. निर्णय एकट्या माणसाचा नसतो, बरेच कागद, बरीच डोकी. सकरीला आत्ताच पक्कं काही सांगू नका. अभिजात मराठीच्या सप्ताहात मंगरूळपीरला कार्यक्रम आहे, तुमच्या तांड्याला खास बोलावणं येईल. नाईकांना जरूर आणा. त्यांना बरं वाटेल.

उज्ज्वला


रूपला तांडा
९ ऑक्टोबर २०२५

उज्ज्वलाबाई,

नाईकांना आणलं. त्यांना बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तुम्ही स्टेजवरून पाहिलंत.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, बोलीभाषांचा बाऊ करणाऱ्यांनी आसेगावजवळचा रूपला तांडा पाहावा, सहा वर्षांची मुलं काय सुंदर मराठी बोलतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग ते म्हणाले, या शाळेला मायबोली सहायकाची गरज नाही हे आमच्या उज्ज्वला मॅडमनी स्वतः लिहून दिलं, आणि त्यांच्याइतका तांडा कोणाला कळतो? माझे हात टाळी वाजवतच राहिले होते. शेजारच्या संघदीप सरांनी ते धरून खाली आणले.

नंतर नाईकांना शाल दिली. नारळ तुम्ही दिलात. तुम्ही त्यांच्या पाया पडलात.

तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी सभागृहाच्या दाराशी उभा राहिलो, तर तुम्ही स्टेजच्या मागच्या बाजूने गेलात. सभा मोठी होती, माणसं खूप होती, चुकामूक झाली असं मी टेम्पोत बसेपर्यंत स्वतःला सांगत होतो.

टेम्पोत नाईक फार खुशीत होते. शाल सगळ्यांना हात लावून बघायला देत होते. मला विचारलं, साहेब काय काय म्हणाले ते नीट सांग. मी सांगितलं. त्यांनी शाल परत घेऊन तिची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पोरांनी साहेबांचा मान ठेवला, म्हणून त्यांना मास्तरीण मिळणार नाही?" मी हो म्हटलं. "आणि आपल्या बाईला हे माहीत होतं?" त्यावर मी काय उत्तर द्यायचं ते तुम्ही मला लिहून कळवा.

साहेबांवर माझा राग नाही. ते पाहुणे होते, त्यांना दिसलं ते त्यांना खरं वाटलं. तुम्ही पाहुण्या नव्हत्या. आमच्या घरात काय चालतं ते तुम्हाला आम्ही दाखवलं होतं, आणि तेच वापरून तुम्ही आम्हाला फसवलंत. परक्याला हे जमलंच नसतं, त्याला माहीतच नव्हतं ना.

धरमसिंग


वाशिम
२७ ऑक्टोबर २०२५

धरमसिंगभाऊ,

तुम्ही फोन उचलत नाही. म्हणून पुन्हा कागद. तुम्हाला जे वाटतंय ते मला कळतंय, पण माझी बाजू ऐकून मग मला शिव्या द्या.

पाहणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी आम्हाला बसवून सांगितलं. म्हणाले, हिंदीचा आदेश आपण आत्ताच मागे घ्यायला लावलाय. हिंदीचं पुन्हा ठरवायला समिती बसली आहे, ती जिल्ह्याजिल्ह्यात फिरणार. अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातून असे आकडे वर गेले की इतक्या शाळांत मुलांना मराठी कळत नाही, तर हिंदी आणू पाहणारे लोक काय म्हणतील? तुमच्या राज्यात तर मराठीच नाही, मग हिंदीने काय बिघडलं? आकडे जपून द्या, असं ते म्हणाले. चुकीचं बोलले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. भाऊ, मोठं घर पडलं तर त्यातल्या खोल्या कुठे उभ्या राहणार? मराठी टिकली तर बोली टिकतील.

आणि मी खोटं लिहिलं नाही. मुलं मराठी बोलली. सगळ्यांनी ऐकलं.

आणखी एक. माझ्यावर वर्ग हसला होता, तेव्हा मी काय केलं? रडत बसले नाही. बाकीच्यांसारखं बोलायला शिकले, म्हणून आज ऑफिसात खुर्ची आहे. नाहीतर बाबांच्या मळ्यात वांगी तोडत असते. अंजूही शिकेल. मुलं पाण्यात पडली की पोहतात. तुम्ही तिला गोरमाटीत अडकवून ठेवू नका.

दिवाळीला तुमच्या याडीसाठी लुगडं घेतलं होतं. कुणाबरोबर पाठवू ते कळवा.

उज्ज्वला


वाशिम
१८ डिसेंबर २०२५

धरमसिंगभाऊ,

दोन महिने होत आले, तुमची ओळ नाही. संघदीप सर मंगरूळपीरच्या बैठकीत भेटले. त्यांना तुमची खुशाली विचारली, तर म्हणाले, "बरे आहेत," आणि चहा तसाच टेबलावर ठेवून उठून गेले. माझ्याशी असं कुणी वागलं नव्हतं.

तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. जानेवारीपासून मी पुण्याला जातेय. पहिलीच्या मराठी पुस्तकाच्या कामावर घेतलंय. साहेबांनी नाव सुचवलं. तुम्ही या दोन गोष्टी एकमेकींना जोडाल, म्हणून सांगते की नाव त्यांनी ऑगस्टमध्येच सुचवलं होतं, पाहणीच्या आधी. तेव्हा तुमच्या शाळेशी त्याचा संबंध नव्हता.

पुस्तकात तांड्यावरचा एक धडा घालावा असं माझ्या मनात आहे. होळीचा. चित्रात बाया फेट्या-कांचळीत दाखवायच्या. याडीचा तो मोर्चातला फोटो चित्रकाराला द्यावा म्हणते, तुमची हरकत नसेल तर. तांड्याचं नाव राज्यभर जाईल. अंजू तो धडा वाचेल तेव्हा तिला किती वाटेल.

तुम्ही माझ्यावर चिडा, भांडा, पण असे गप्प बसू नका. तुमच्या शांततेने जीव जातो.

उज्ज्वला


रूपला तांडा
२२ फेब्रुवारी २०२६

उज्ज्वलाबाई,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर द्यायचं नव्हतं. आज देतोय, कारण तुमच्या पुस्तकाला उपयोगी पडेल अशी माहिती माझ्याकडे आहे.

आधी ऑगस्टचं. नाव ऑगस्टमध्ये सुचवलं होतं, तर 'साहेबांना काय सांगायचं ते माझ्यावर सोडा' हेही तुम्ही ऑगस्टमध्येच लिहिलं. तारखा मी जोडल्या नाहीत. त्या तुम्हीच मला जोडून पाठवल्यात. फोटो वापरायला हरकत आहे. याडी त्या दिवशी मराठीसाठी गेली नव्हती. मी तिला सांगितलं होतं, चल, आपल्या भाषेचं काम आहे. तिला फसवणारा पहिला मीच, हे मला आता कळतं, पण मला फसवलं होतं म्हणून मी तिला फसवलं. तुम्हाला कोणी फसवलं होतं?

अंजूचं. दिवाळीनंतर ती वर्गात पवनसारखी बसायला लागली. पाटी पुढे, नजर खिडकीत. संघदीप सरांनी जीव तोडला. सकरीला वर्गात बसवावं म्हणून त्यांनी वर विचारलं, तर उत्तर आलं, या शाळेची पाहणी झालेली आहे. एके दिवशी सर मला म्हणाले, "धरमसिंग, पोरगी हुशार आहे, पण तिले माही भाषा उमजत नाही अन् मले तिची. मी काय करू, सांग." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला पवनच्या वेळचे गुरुजी आठवले. ते निदान रडले नव्हते.

मी एक पोरगा असा घालवला आहे. दुसरं लेकरू घालवायची माझी ताकद नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी नाईकांच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं आणि मांडलं की लहान पोरांशी आजपासून घरात मराठीच बोलायचं. चुलीपाशी, शेतात, अंथरुणात, सगळीकडे. बाया बोलल्या, आम्हाला येतंच किती? मी म्हटलं, येतं तेवढं बोला, नाही येत तिथे गप्प राहा. नाईक उठून आत गेले. पण कोणी नाही म्हटलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरात एक पवन आहे. सकरी ज्या ओट्यावर पोरांना आपल्या भाषेत गोष्टी सांगत होती, तिथेच आता बायांना मराठी शिकवते. तिने माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

अंजू सुधारते आहे. तुम्ही लिहिलं होतं तसं, पोहते आहे. परवा सरांनी प्रश्न विचारला तर तिने हात वर केला म्हणे. तुमचा अहवाल सप्टेंबरमध्ये खोटा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तो खरा करून दिला. आता पुन्हा पाहणीला कोणीही आलं तर कोणाला काही लपवावं लागणार नाही.

राहिली याडी. तिला मराठी येतं, पण कुठलं येतं ते तुम्हाला माहीत आहे. जन्मभर आसेगावच्या बाजारात सीताफळं विकून आलेलं मराठी. केवढ्याला, ताजं आहे, कमी नाही होणार, पुढच्या बाजारी या. तिने माझ्या नियमाला एका शब्दानेही विरोध केला नाही. नातीला जेवायला हाक मारताना म्हणते, "घ्या, ताजं आहे." आधी पोरगी हसायची. आता सवय झाली, येऊन बसते.

गेल्या आठवड्यात अंजूला ताप चढला. दुपारी मी शेतावरून आलो तर ती रडत होती आणि याडीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोरगी आजी, आजी करत होती. याडी तिच्या केसांतून हात फिरवत होती, तिचे ओठ हलत होते, आणि आवाज निघत नव्हता. तापलेल्या लेकराला समजवायचं मराठी तिला बाजारात कोणी शिकवलं नव्हतं, आणि जे येत होतं ते मी बंद केलं होतं. तिने मला दारात पाहिलं. मी फक्त एवढं म्हणायचं होतं, बोल याडी, तुझं तू बोल. बाई, मी ते म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी अंजूची शाळा होती.

धरमसिंग